ओट्यामागच्या भिंतीला काय लावावे: टाईल, काच की दगड?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात चिऱ्यांचे नवे घर. एल आकाराचा ओटा, एक बाजू १० फूट, दुसरी ६ फूट, वर काळा ग्रॅनाइट. ओटा आणि वरची कपाटे यांत २ फूट मोकळी भिंत. शेगडी १० फुटांच्या बाजूला, तिचा मध्य कोपऱ्यापासून ४ फुटांवर. ही भिंत बाहेरची आहे आणि पश्चिमेला तोंड करून आहे. शोरूममध्ये रंगीत काच आवडली आहे, सुतार ॲक्रिलिकचे पॅनल सुचवतो, मेस्त्री म्हणतो टाईलच लावा. काय लावावे, आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी काम होईल का?

आधी थेट उत्तर. ६०० × १२०० मिमीची चकचकीत ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाईल (काचेसारखी घट्ट भाजलेली, जवळजवळ पाणी न पिणारी) लावा आणि सांधे फिकट राखाडी इपॉक्सीने, म्हणजे रसायने मिसळून घट्ट होणाऱ्या मालाने, भरा. काच त्या पश्चिमेच्या भिंतीवर नको. फारच मन असेल तर ६ फुटांच्या बाजूला लावा, तीही भिंत आतली असेल तर. ॲक्रिलिक शेगडीच्या आसपास अजिबात नको. चवथीचा प्रश्न मात्र मेस्त्रीला न विचारता भिंतीला विचारावा लागेल. तो कसा, ते खाली येते.

डॅडोसाठी, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या आवरणासाठी, माल निवडताना बहुतेक जण सुरुवात नमुन्यापासून करतात. गोव्यात ती भिंतीपासून करावी लागते. चिरा हा सच्छिद्र दगड, पाणी पितो. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि नैर्ऋत्येचा वारा तो पश्चिमेच्या भिंतीवर आडवा मारतो. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी चीर असली तरी तिथून शिरलेले पाणी चिऱ्यांत पसरते आणि आतल्या बाजूने हळूहळू बाहेर पडू पाहते. आतून त्याला व्हिट्रिफाइड टाईल किंवा काचेने अडवले, तर ओल नाहीशी होत नाही. ती वर चढते आणि टाईलच्या वरच्या कडेलगत रंगाचे पापुद्रे निघतात, किंवा कपाटांच्या पाठीला बुरशी येते. मग दोष टाईलला दिला जातो.

म्हणून आधी ही चाचणी करा. ओट्याच्या वरच्या भिंतीवर दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. एक तुकडा सिंकमागे, एक शेगडीमागे, एक कोपऱ्यात. ४८ तासांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, दव असेल किंवा तिथला गिलावा आजूबाजूपेक्षा गडद दिसत असेल, तर ओल भिंतीतून येते आहे. दव फक्त खोलीकडच्या बाजूला असेल तर तो हवेतला दमटपणा, त्याची काळजी नको. आतून ओल आली तर दोन शक्यता राहतात. एक, गिलावा अजून ताजा आहे. साधारण १५ ते २० मिमी जाडीच्या सिमेंट गिलाव्यावर पाणी मारणे थांबवल्यावर कोरड्या दिवसांत तीनचार आठवडे तरी सोडावे लागतात, आणि आषाढ-श्रावणात त्याहून बरेच जास्त. दुसरी, पाणी बाहेरून येते आहे. मग बाहेरचा गिलावा, खिडकीवरचा छज्जा आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची फट दुरुस्त केल्याशिवाय आत काहीही लावू नका. आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारणे हा बाहेरच्या गळतीवरचा उपाय नव्हे. सिंकमागे ते जरूर मारावेत, पण ते सिंकचे पाणी भिंतीत जाऊ नये म्हणून.

पांढरा खार फुटला असेल तर तोही बघा. गिलाव्याची वाळू खाडीची, नीट न धुतलेली असली की मीठ भिंतीतच राहते आणि प्रत्येक पावसाळ्यात वर येते. खार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. धुतला की तो विरघळून परत आत जातो.

आता चवथ. गणपतीआधी स्वयंपाकघर व्हायलाच हवे म्हणून गोव्यातली बरीच कामे जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात उरकली जातात. चाचणीत भिंत कोरडी निघाली तर खुशाल लावा, काम चार-पाच दिवसांचे आहे. ओली निघाली तर ओटा आणि सिंक चालू करून घ्या, भिंतीला साधा सिमेंटचा रंगही न लावता तशीच ठेवा, शेगडीमागे ॲल्युमिनियमचा पत्रा तात्पुरता टेकवा आणि डॅडो दिवाळीनंतर करा. पंगतीला पाहुणे बसले असताना भिंत बोडकी दिसेल, हे खरे. पण दोन वर्षांनी टाईल पोकळ वाजू लागण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

भिंतीवर काय काय उडते याचाही हिशेब मांडा, कारण कॅटलॉगमधल्या स्वयंपाकघरात बांगडे तळले जात नाहीत. हळद आणि तेल एकत्र उडाले की डाग खरखरीत पृष्ठभागात आणि सिमेंटच्या सांध्यात बसतो. मासे धुतलेले पाणी सिंकमागच्या सांध्यात मुरले की वास राहतो. मिक्सरचे झाकण उडाले की नारळाचे वाटण छतापर्यंत जाते. आणि आगळ. कोकमाच्या फळांचा हा रस आंबट आहेच, शिवाय त्यात भरपूर मीठ असते. आम्ल संगमरवर खाते, मीठ हलक्या स्टीलला गंज आणते. त्यात शेगडीची उष्णता मिळवा. मागच्या बर्नरवर मोठे भांडे असले की ज्योत भांड्याच्या बाहेर पसरून भिंतीकडे झुकते. शेगडी आणि भिंत यांत किमान ७५ ते १०० मिमी जागा ठेवायलाच हवी, माल कुठलाही असो.

या कसोटीवर एकेक माल लावून पाहू.

काच. दिसायला सर्वांत सुंदर आणि पुसायला सर्वांत सोपी, हे मान्य. अडचणी मात्र दुकानात कोणी सांगत नाही. दुकानात मोठ्या शीटमधून कापून मिळणारी रंगीत काच, जिला लॅकर्ड ग्लास म्हणतात, ती बहुधा साधी काच असते, टफन्ड (तापवून कणखर केलेली) नव्हे. शेगडीमागे तिचा एक भाग तापतो, बाकीचा गार राहतो, आणि एक दिवस ती तडकते. टफन्ड करायला काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवावी लागते, त्यात साधा रंग जळून जातो. म्हणून क्रम असा हवा: माप, कापणे, सॉकेटची भोके, मग टफनिंग, आणि शेवटी मागून रंग. किंवा टफनिंगच्या भट्टीतच भाजून पक्का होणारा सिरॅमिक रंग. विकणारा ‘टफन्ड आहे’ म्हणाला तर कोपऱ्यातला शिक्का मागा. टफन्ड झालेली काच पुन्हा कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. सॉकेट १० मिमीने चुकले तर अख्खी काच बाद.

त्यामुळे काचेचे माप ओट्याचा दगड बसून, कपाटे टांगून, बोर्ड पक्के झाल्यावरच घ्यायचे, आणि तेही फूटपट्टीने नाही, प्लायवुडचा साचा करून. चिऱ्यांच्या भिंतींचे कोपरे काटकोनात क्वचितच असतात. चारही बाजूंनी २ ते ३ मिमी फट ठेवायची. काचेची कड ग्रॅनाइटवर थेट टेकवायची नाही, खाली रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या ठेवायच्या, कारण टफन्ड काचेला कडेवरचा टोला सोसत नाही. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते मागचा रंग खराब करते. पांढरा किंवा फिकट रंग हवा असेल तर कमी लोहाची काच मागा. साधी काच जाडीत हिरवट असते आणि पांढऱ्याला आजारी छटा देते.

वजन प्रत्येक मिमी जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे १० फूट बाय २ फूट, ६ मिमी काच साधारण २८ किलो. हे सगळे जमेल. जमणार नाही ते ओल. भिंतीतून ओल आली की मागचा रंग फुगतो, डाग पुढून दिसतो, आणि तो पुसता येत नाही. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला काच नको म्हटले.

ॲक्रिलिक, पीव्हीसी आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत प्लास्टिक भरलेले पॅनल सुताराला आवडतात, कारण ते त्याच्याच करवतीने कापले जातात आणि एका दिवसात लागतात. ज्योतीजवळ ते मऊ पडतात, वाकतात, पेटूही शकतात. शेगडीपासून लांब, भांडी ठेवायच्या मांडणीमागे लावले तर हरकत नाही. एवढेच.

क्वार्ट्झ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड म्हणजे क्वार्ट्झचा चुरा आणि त्याला धरून ठेवणारे रेझिन. दगड उष्णता सोसतो, रेझिन सोसत नाही. १५० अंशांच्या आसपास ते पिवळे पडू लागते. सिंकमागे उत्तम, शेगडीमागे नको. संगमरवर आणि चुनखडीचे इतर दगड आगळ, लिंबू, चिंच यांनी खाल्ले जातात. सीलर लावून डाग थांबतो, खाल्ले जाणे थांबत नाही.

ओट्याचाच काळा ग्रॅनाइट भिंतीला चढवणे हा मात्र विचार करण्याजोगा पर्याय आहे. आमसुलाचे त्याला काही होत नाही, उष्णतेचे नाही, हळदीचा डाग दिसत नाही. ओट्याच्या कापणीतून उरलेल्या पट्ट्या असतील तर खर्चही कमी. पण १८ ते २० मिमी ग्रॅनाइट चौरस मीटरला ५० किलोंच्या वर भरतो, आणि ते वजन ओट्यावर बसते. ओटा विटांच्या किंवा कडप्प्याच्या पायांवर असेल तर चिंता नाही, नुसत्या प्लायवुडच्या ट्रॉल्यांवर असेल तर खाली आधार वाढवा. दगडाच्या मागे जाळी आणि रेझिनचा थर असला तर सिमेंटचा ॲडहेसिव्ह त्याला नीट धरत नाही, तिथे इपॉक्सी ॲडहेसिव्ह लागतो. खरी तक्रार वेगळीच: काळा ओटा, काळी भिंत, वर कपाटे. पावसाळ्यात दुपारी तीन वाजता दिवा लावावा लागतो. ग्रॅनाइट हवाच असेल तर चार इंचांची पट्टी ओट्यालगत घ्या आणि वर फिकट टाईल. फिकट ग्रॅनाइट भिंतीला लावायच्या फंदात पडू नका, तो पाणी पितो आणि सिंकमागे कायमचा ओला दिसतो.

स्टीलचा पत्रा हॉटेलच्या स्वयंपाकघरात शोभतो. घरात लावायचाच तर ३०४ दर्जाचा, १ मिमी जाड, मागे सिमेंट बोर्डाचा आधार देऊन. बाजारात स्वस्त मिळणारा २०२ दर्जाचा पत्रा किनाऱ्याच्या हवेत तांबूस ठिपके धरतो. लोहचुंबक लावून पाहणे निरुपयोगी, दोन्ही दर्जांना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. दर्जा ओळखायच्या रसायनाचे थेंब मिळतात, ते पुरवठादाराच्या समोर टाकून घ्या.

आझुलेजोंबद्दल, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाईल्सबद्दल, गोव्यात कोणी ना कोणी विचारतेच. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातली निळी भिंत पाहून आल्यावर तसेच काहीतरी घरात हवेसे वाटते, आणि इथे हाताने रंगवून देणारे कारागीर आहेतही. विचारायची गोष्ट एकच: रंग ग्लेझच्या आत भाजला आहे की तयार पांढऱ्या टाईलवर वरून रंगवून कमी तापमानाला भाजला आहे? दुसऱ्या प्रकारचा रंग भांड्यांच्या घासणीने दोन-तीन वर्षांत विरतो. कुठल्याही प्रकारच्या असोत, त्या शेगडीमागे न लावता खिडकीशेजारी किंवा ६ फुटांच्या बाजूच्या मध्ये, चार-सहा टाईल्सची चौकट म्हणून लावा. रंगीत नक्षीच्या सिमेंट टाईल्स, जुन्या घरांच्या जमिनीवर असतात त्या, भिंतीला लावायची सध्या लाट आहे. त्यांना ग्लेझ नसते. त्या तेल पितात आणि आगळ त्यांना खाते. बाल्कनीत छान.

राहिली टाईल. साधी सिरॅमिक वॉल टाईल, ३०० × ४५० किंवा ३०० × ६०० ची, मागून सच्छिद्र असते, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, पण पुढचे ग्लेझ पक्के असते. कोरड्या भिंतीवर ती अगदी पुरेशी आहे, आणि पैसे कमी असतील तर तीच घ्या, लाज वाटायचे कारण नाही. व्हिट्रिफाइड टाईल अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते, त्यामुळे ओलीने मागून डागाळत नाही. मुख्य फायदा मात्र आकाराचा: टाईल मोठी म्हणजे सांधे थोडे, आणि ओट्यामागे घाण धरतो तो सांधाच.

हे आकड्यांत पाहा. दर चौरस मीटरला लागणारे ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा माल, किलोंमध्ये काढायचे सूत्र असे: टाईलची लांबी अधिक रुंदी, भागिले लांबी गुणिले रुंदी, गुणिले सांध्याची रुंदी, गुणिले टाईलची जाडी, गुणिले १.६. सगळी मापे मिमीमध्ये. ६०० × १२०० ची, ९ मिमी जाड, २ मिमी सांधा: ०.०७ किलो. ७५ × १५० ची सबवे टाईल, ८ मिमी जाड, ३ मिमी सांधा: ०.७७ किलो. दहापटीहून जास्त. म्हणजे दर रविवारी दहापट सांधे घासायचे. इंटरनेटवर सबवे टाईल्स घासताना कोणी दाखवत नाही.

चकचकीत की मॅट, यात इथे वाद नाही. मॅट, खडबडीत आणि उठावाच्या टाईल्स हॉलच्या भिंतीला लावा. फळांची टोपली आणि वाफाळता कप छापलेल्या ‘हायलायटर’ टाईल्स तर डोळ्यांना कंटाळवाण्या होतातच, शिवाय तुटल्यावर तोच कप पुन्हा मिळत नाही.

६ मिमीचे मोठे सिंटर्ड स्लॅब (खनिजांची भुकटी दाबून भाजलेल्या पातळ फरश्या) हा याहून वरचा टप्पा. १२०० × २४०० चा एक स्लॅब उभा चिरला की २.४ मीटरच्या दोन पट्ट्या मिळतात, एकूण ४.८ मीटर. तुमची भिंत १६ फूट, म्हणजे ४.८८ मीटर. आठ सेंटिमीटरने हुकते, आणि दुसरा स्लॅब घ्यावा लागतो. शिवाय त्याला भिंत आरशासारखी सपाट लागते आणि कापणारी माणसे वेगळी. तुमच्या मापाला तो बसत नाही.

आता टाईल्सचे गणित. १० फुटांची बाजू ३०५० मिमी. शेगडीमागे एक टाईल उभी लावा, ६०० रुंद आणि १२०० उंच, म्हणजे शेगडीपासून चिमणीच्या मागेपर्यंत अखंड पृष्ठभाग मिळतो आणि सर्वांत जास्त तेल उडते तिथे एकही सांधा येत नाही. शेगडीचा मध्य कोपऱ्यापासून ४ फुटांवर, म्हणून कोपऱ्याकडे ९२० मिमीचा तुकडा, दुसऱ्या बाजूला एक अख्खी १२०० ची आडवी टाईल आणि ३३० चा तुकडा. ६ फुटांच्या बाजूला एक अख्खी आणि ६३० चा तुकडा. ६३० आणि ३३० एकाच टाईलमधून निघतात. एकूण पाच टाईल्स. कापताना फुटायला एक, आणि पुढे कधी नळ बदलताना लागतील म्हणून दोन माळ्यावर. आठ. या आकाराच्या खोक्यात सहसा दोन असतात, म्हणजे चार खोकी, सगळ्यांवर एकच बॅच आणि शेड क्रमांक.

उभी टाईल मधोमध शेगडीवर येते की नाही हे ओटा बसल्यावर पेन्सिलीने भिंतीवर आखून घ्या. शेगडी ओट्याच्या बरोबर मध्यावर असती तर दोन्ही टोकांना अडीच सेंटिमीटरची चिंधी लावावी लागली असती. अशी चिंधी येत असेल तर शेगडी चार इंच सरकवा, टाईल नव्हे.

कपाटांची उंचीही आताच सुताराला सांगा. २ फूट म्हणजे ६१० मिमी, टाईल ६०० ची, आणि काही कंपन्यांची प्रत्यक्षात ५९८ ची. खोके उघडून मोजा. २ फूट सांगितले की वर सात ते नऊ मिमीची फट राहते, ती पांढऱ्या सिमेंटने भरली जाते आणि तिथेच झुरळे राहतात. टाईल ६०० ची असेल तर कपाटांचा तळ ओट्याच्या वर ६०५ मिमीला ठेवा: खाली ३, वर २.

ॲडहेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे, पिशवीवर प्रकार लिहिलेला असतो. व्हिट्रिफाइड टाईल भिंतीवर लावायला किमान टाईप २, आणि या मोठ्या आकाराला टाईप ३ घेतलात तर बरे. सिमेंटच्या पातळ घोळावर व्हिट्रिफाइड चिकटवू देऊ नका. सिमेंटला धरायला टाईलच्या अंगात छिद्रेच नाहीत, ती काही दिवस धरते आणि मग सुटते. क्षेत्रफळ सुमारे ३.३ चौरस मीटर. ३ मिमी थराला चौरस मीटरमागे साडेचार किलो, म्हणजे १५ किलो पुरेसे वाटते. पण चिऱ्यांच्या भिंतीवरचा गिलावा इतका सपाट नसतो आणि मोठ्या टाईलच्या पाठीलाही हात मारावा लागतो. ५ मिमी धरा, २५ किलो होतात. २० किलोंच्या दोन पिशव्या आणा.

लावण्याआधी भिंतीवरची पुट्टी आणि रंग पूर्ण खरवडून सिमेंट गिलावा उघडा करा. पुट्टीवर लावलेली टाईल पुट्टीसकट सुटते. गिलावा गुळगुळीत असेल तर टाच्या मारा, म्हणजे छिन्नीने तो खरखरीत करा. २ मीटरची सरळ पट्टी भिंतीला लावा, खाली ३ मिमीपेक्षा जास्त उजेड दिसला तर आधी ती जागा भरून घ्या. सिरॅमिक टाईल सिमेंटने लावायची तर भिजवतात, ॲडहेसिव्हने लावताना कुठलीही टाईल भिजवू नका, फक्त पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसा. भिंतीवर दात्यांच्या पट्टीने एकाच दिशेने रेघा ओढा, टाईलच्या पाठीला पातळ सपाट हात द्या, आणि दाबताना रेघांना आडवे हलवा, म्हणजे हवा निघते. चार कोपरे आणि मध्ये एक असे पाच गोळे लावून चिकटवण्याची सवय अनेकांना आहे. त्या गोळ्यांमधली पोकळी पुढे त्रास देते: खिळा-स्क्रू मारताना टाईल फुटते आणि मुंग्या आत घर करतात. पहिली टाईल लावून लगेच काढून बघा. पाठीवर निदान ९० टक्के माल लागलेला दिसला पाहिजे.

टाईल ९ मिमी जाड, साधारण १५ किलोंची. दोन माणसे हवीत. ओटा आधी, टाईल नंतर, आणि टाईल ओट्याच्या दगडावर ३ मिमीचे स्पेसर ठेवून बसवायची. सॉकेटसाठी कापताना चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत आधी ६ मिमीचे भोक पाडा आणि मग भोकापासून भोकापर्यंत ग्राइंडर चालवा. कोपरा थेट ग्राइंडरने कापला की तिथून तिरपी चीर जाते, कधी त्याच दिवशी, कधी सहा महिन्यांनी. सॉकेट शेगडीच्या मागे नको आणि सिंकपासून २ फूट तरी दूर हवे. बोर्डाचा डबा टाईलच्या जाडीएवढा पुढे घ्यायला इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा, नाहीतर लांब स्क्रू शोधत दुकाने फिरावी लागतील.

ग्राउट २४ तासांनी, पावसाळ्यात ४८. इपॉक्सी तीन भागांत येते: रेझिन, हार्डनर, पावडर. या कामाला १ किलोचा पॅक उरेल इतका आहे. अर्धा पॅक डोळ्यांनी अंदाज करून मिसळू देऊ नका. रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण चुकले तर ते कधीच घट्ट होत नाही, महिनाभर चिकट राहते. करायचाच तर वजनकाट्यावर. मिसळल्यावर हाती साधारण पाऊण तास असतो, उकाड्यात त्याहून कमी. म्हणून रबरी फ्लोटने तिरपे भरत जा आणि एक-दोन टाईल्स झाल्या की लगेच ओल्या स्पंजने टाईल पुसा. टाईलवर राहिलेला धूसर थर दुसऱ्या दिवशी निघत नाही, आणि चकचकीत टाईलवर तो प्रत्येक दिव्यात दिसतो. रंग पांढरा नको, खिडकीच्या उन्हाने पांढरे इपॉक्सी पिवळे पडते. फिकट राखाडी घ्या.

ओटा आणि टाईल यांमधला सांधा आणि भिंतींच्या कोपऱ्यातला उभा सांधा इपॉक्सीने भरायचा नाही. तिथे दोन वेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या हलतात, कडक माल चिरतो. बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉन, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, साबणाच्या पाण्याने ओल्या बोटाने ओढलेले. ते पाच-सहा वर्षांनी कापून पुन्हा भरायचे असते.

शेवटी सफाई. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मेस्त्री ॲसिडची बाटली काढतो. स्टीलचे सिंक, नळ, चिमणी आणि ट्रॉल्यांच्या तारा खोलीत असताना ती उघडू देऊ नका. त्या वाफांनी ३०४ चे सिंकही रातोरात ठिपके धरते, आणि मग ‘सिंक नकली दिले’ म्हणून दुकानदाराशी भांडण होते. इपॉक्सी वापरलेत तर ॲसिडचे काम उरतच नाही. ॲडहेसिव्हचे थेंब सुकायच्या आत ओल्या फडक्याने आणि सुकले तर प्लास्टिकच्या पट्टीने निघतात. सांध्यांवर सात दिवस पाणी मारू नका, आणि तोवर सिंकमागे एक जुना टॉवेल टेकवून ठेवा.